दोन भोपळ्यांवर तरलेला आदर्श शिक्षक

पडद्यावरचा मास्तर नदीत उतरला आणि थिएटर रडायला लागलं. साधंसुधं रडणं नव्हे. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर पिळला, तो ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला. पडद्यावर पूर, फाटलेलं आभाळ, व्हायोलिनं कोकलतायत, आणि मास्तर एका चिमुरडीला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून चाललाय. का, तर पोरीची शाळा बुडू नये. अंगात पांढराशुभ्र कुर्ता. आमच्याकडच्या पुरात काळी म्हैस उतरली तर तांबडी होऊन निघते, पण सिनेमातल्या मास्तरचा कुर्ता काही मळत नाही.

सगळं थिएटर रडत होतं आणि मधल्या रांगा हसत होत्या. त्या रांगा आमच्या गावच्या. एक गृहस्थ चिडून उठले. "लाज नाही वाटत? एवढा थोर शिक्षक दाखवलाय आणि तुम्ही दात काढताय?"

माझ्या थोरल्या बहिणीनं चिवड्याची पुडी त्यांच्यापुढं धरली. "बसा हो भाऊ. ह्यो मास्तर चांगलाच हाय. ह्याला पोहता येतंय."

त्यावर आमचं गाव असं हसलं की पडद्यावरचा पूर ओसरला.

ते का हसलं, ते सांगतो. मी सांगतोय म्हणजे थाप असणार, हे कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांत पाळण्यातलं पोरही सांगेल. सांगू दे. या खेपेला माझ्याकडं साक्षीदार आहेत, आणि त्यांना बसायला खुर्च्याही माझ्याच होत्या.

सिनेमातल्या मास्तरांवर माझा फार जुना राग. सिनेमात मास्तर गावात आला की दारूडा बाप दारू सोडतो, मुकं पोर कविता म्हणतं, सरपंच शाळेला जमीन देतो. मास्तरला स्वतःला कधी भूक लागत नाही, भीती वाटत नाही, कुणाचा दुस्वास वाटत नाही. आणि त्याला एकदा तरी नदी ओलांडावीच लागते. नदी नसली तर निर्माता खणून घेत असावा. असा मास्तर बघून शहरातली माणसं डोळे पुसत घरी जातात. आमच्या नशिबी जो आला, त्याला बघून आम्ही दुसरंच काही पुसायचो.

आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला, नदीच्या अलीकडं. शाळा पलीकडं. गुरुजी घाटावरून बदलून आलेले आणि राहायला आमच्याच पडवीतल्या खोलीत. दूध आमचं, तांदूळ आमचा, हातातली निरगुडीची छडी आमच्याच बांधावरची आणि तिच्याखालची पाठ माझी. त्या छडीचा आवाज झाला की माथेरानच्या डोंगरावरची माकडं हात पुढं करायची, असा तिचा दरारा.

एकदा मी वर्गात सांगितलं की आमच्या गोठ्यात बिबट्या आला, दुधाच्या घमेल्यात आपलं तोंड बघितलं आणि लाजून निघून गेला. आता यातला बिबट्या खरा होता. लाजला की नाही, यावर चर्चा होऊ शकली असती. गुरुजींनी चर्चा केली नाही. मला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं : थापाड्या, थापाड्या. ते नाव गुरुजींनी दिलं आणि गावानं बारशाच्या नावापेक्षा जास्त वापरलं.

बहीण माझ्या पुढं, सातवीत. तिची गणितं म्हणजे चमत्कार. गुरुजी फळ्यावर गणित लिहीत असायचे आणि खडू खाली यायच्या आत तिचं उत्तर तयार. ती वकील होणार, डॉक्टर होणार की थेट कलेक्टर, एवढाच काय तो प्रश्न आमच्या घरात शिल्लक होता.

आणि मग तो श्रावणातला दिवस आला. शाळेची तपासणी. साहेब कर्जतहून जीपनं पलीकडच्या रस्त्यानं येणार होते आणि आदल्या रात्री डोंगरावर असा पाऊस कोसळला की नदी आमच्या वाडीतल्या केळी मोजायला आली. नदीवरचा लाकडी साकव पाण्याखाली. गुरुजी या काठावर, बूट हातात, तोंड भाकरीच्या पिठासारखं. गेले नाहीत तर नोकरीवर गदा, गेले तर जिवावर. घाटावरच्या माणसाला विहिरीचं पाणी माहीत, पळणारं माहीत नाही.

आमच्याकडं पोर आधी पोहायला शिकतं आणि मग चालायला. प्रत्येक घरात वाळलेले दुधी भोपळे टांगलेले असतात. पाठीला भोपळा बांधायचा आणि पोर डोहात सोडून द्यायचं. भोपळा बुडू देत नाही. बहिणीनं घरातून दोन भोपळे आणले.

"गुरुजी, एकावर पोरगं तरंगतंय. तुमाला दोन लागतील."

"मी... मी नाही. मला नाही जमणार."

"घाबरू नका. मी हाय ना."

गुरुजींनी शर्ट-पँट उतरवली आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उभे राहिले. मी त्यांच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. तिनं त्यांच्या काखेखाली दोन्ही बाजूंना भोपळे बांधले, गाठ ओढून बघितली आणि त्यांना पाण्यात ओढलं. मधल्या धारेत गुरुजींनी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि असं भोकाड पसरलं की नदीचा आवाज ऐकू येईना. "आई गं! मेलो गं! सोडू नको गं मला!" ती बुडता बुडता वाचली, पण सोडलं नाही तिनं. पलीकडं नेऊन काठावर बसवलं, डोळे पुसायला स्वतःचा परकर पिळून दिला. गुरुजींनी कपडे घातले, भांग पाडला, शाळेत जाऊन साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी शेरा दिला : पुरातही हजर राहणारा कर्तव्यदक्ष शिक्षक.

हे पाहिलं फक्त आम्ही दोघांनी.

त्यानंतर गुरुजी फळ्याकडं तोंड करून शिकवायला लागले. पाढे फळ्याला सांगायचे, इतिहास फळ्याला सांगायचे. मला वाटलं, आता फळा पास होणार.

आठवडा गेला असेल. संध्याकाळी पडवीत गुरुजी आमच्याच दुधाचा चहा पीत माझ्या बापाला म्हणाले, "मुलगी मोठी झाली आता. पोरांच्या देखत पाण्यात उतरते, ओल्या अंगानं वर्गात येते. लोक बोलायला लागलेत. मी आपला घरचा म्हणून सांगतो. शाळा पुरे. उद्या स्थळ यायचं नाही."

बानं बशी खाली ठेवली. गुरुजींचा शब्द म्हणजे आमच्या घरात पोथी. बहीण आतून बाहेर आली. "बा, ते बुडत हुते. मी काढलं त्यांना."

बानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी चहा फुंकला आणि म्हणाले, "बघा. आता भावासारखं खोटंही बोलायला लागली."

दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर माळ्यावर गेलं आणि ती भाताच्या बेणणीला, तण उपटायला.

मी गावभर ओरडत फिरलो. पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता सांगितलं. पोटं धरधरून हसले लोक. "थापाड्या, पट्ट्यापट्ट्याची चड्डी लई झ्याक हाय रं! अजून काय काय घातलं हुतं गुरुजींनी?" चड्डीच्या पट्ट्यांचा रंग सांगितला तसा आणखी हसले. आयुष्यात हजार थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एक खरं बोललो, तेच खपेना. माणसानं माझी जीभ कापली असती तर मी माफ केलं असतं. यानं ती तोंडात ठेवून निकामी केली.

तेव्हाच ठरवलं, सूड घ्यायचा. सूडही भातासारखा आहे. आधी वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजावा लागतो, रोप लावावं लागतं, आणि मग गुडघाभर चिखलात उभं राहून वाट बघावी लागते. मी बघितली.

मधल्या काळात गुरुजी हेडमास्तर झाले, आदर्श शिक्षक झाले, कर्जतला बंगला बांधून निवृत्त झाले. बहीण लग्न होऊन लोधिवलीला गेली आणि तिनं सासरची भातशेती एकटीनं उभी केली. मी खालापुरात मंडप, खुर्च्या आणि लाउडस्पीकरचा धंदा टाकला. थापा मारणाऱ्याला लाउडस्पीकरच शोभतो.

तर गुरुजींच्या पंचाहत्तरीचा सत्कार. मंडप माझा, हार ठेवायचं टेबल माझं, माईक माझा. आणि माझ्याच माईकमधून, माझ्याच कर्ण्यातून, माझ्याच कानात गुरुजी सांगतात, "एकदा पूर आला होता. आमची एक विद्यार्थिनी पलीकडे जाऊ शकत नव्हती. रडत होती बिचारी. मी तिला खांद्यावर घेतलं..."

वायर उपटावी म्हणून मी उठलो. पण हात थांबला. म्हटलं, बोला गुरुजी. अजून बोला. राब चांगला भाजू दे.

कुणीतरी ते भाषण मोबाइलवर टिपलं. ते या फोनवरून त्या फोनवर करत मुंबईला पोचलं आणि एक तरुण दिग्दर्शिका बाई सिनेमा काढायला कर्जतला आल्या. बाई गुणाच्या, मनानं निर्मळ. मंडप-खुर्च्यांसाठी माझ्याकडं आल्या आणि खांद्यावरच्या पोरीची गोष्ट सांगताना डोळे पुसायला लागल्या. मीही रडलो. मला हवं तेव्हा रडता येतं, धंद्यात उपयोगी पडतं.

नाक पुसत म्हणालो, "मॅडम, ती पोरगी जिवंत हाय. माझी सख्खी बहीण."

बाई खुर्चीवरून उडाल्या. खुर्ची मजबूत होती म्हणून वाचली. "काका! मग शेवटी आपण खरे सर आणि खरी विद्यार्थिनी दाखवू! नदीकाठी! हातात हात!"

"काठावर कशाला? थोडं पाण्यात उतरवा की. लोकांना खरं वाटंल."

टेम्पो घेऊन मी तडक लोधिवली गाठली. बहीण बांधावर गवत कापत होती. सगळं सांगितलं. खांद्यावर म्हणताच ती हसायला लागली. हसता हसता विळा खाली ठेवला आणि बांधावर बसली.

"मला खांद्यावर? ह्यानं?"

"मी असं करतो बाय," मी म्हटलं, "शूटिंगला सगळा गाव गोळा करतो. मी माईक घेतो आणि त्याची पार..."

"तू गप ऱ्हा. तू बोललास तर पुन्हा थापच हुईल." तिनं विळा उचलला. "गाव गोळा कर. तेवढंच कर. आणि माईक त्याच्या गळ्यात राहू दे."

भाद्रपद संपत आला होता. नदी उतरलेली, मधल्या धारेला बेंबीएवढं पाणी, पण ओढ होती. मी गाव असं गोळा केलं की कोंडाण्याच्या लेण्यांतल्या मूर्तीसुद्धा माना बाहेर काढून बघत होत्या. सगळ्यांना खुर्च्या, लाउडस्पीकर झाडाला. बाईंनीच सांगितलं होतं, सर बोलतील ते गावकऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे. गुरुजी कडक इस्त्रीत आले. त्यांच्या कॉलरला बारका माईक लावला, त्याचा आवाज माझ्या कर्ण्यात जोडला. बहीण टेम्पोतून उतरली, हिरवं नऊवारी लुगडं, हातात पिशवी. गुरुजी तिला बघून कर्ण्यातून म्हणाले, "अगं बाळ! किती मोठी झालीस!"

"व्हय गुरुजी. तुमीच म्हनाला हुता, मोठी झाली म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं पिशवीतून दोन वाळलेले दुधी भोपळे काढले.

गुरुजींचा चेहरा मी त्या क्षणासाठी इतकी वर्षं राखून ठेवला होता. तो मला पाहायला मिळाला. बंगला, पंचाहत्तरी, हार, सगळं त्या चेहऱ्यावरून घसरून पायाशी पडलं.

"हे काय आहे?" दिग्दर्शिका बाईंनी विचारलं.

"गुरुजींचं सामान," बहीण म्हणाली.

शूटिंगवर सुरक्षेचा जो माणूस होता तो खूश झाला. "हां, हां, बांध दो! उमर है सर की!"

"मला नको," गुरुजी पुटपुटले. कर्ण्यानं ते डोंगरापर्यंत पोचवलं. "माझे गुडघे... रक्तदाब..."

मी पुढं झालो. "गुरुजी, एवढ्या पुरात पोरगी खांद्यावर घेतलीत, आता नुसतं हात धरून चालायचं हाय. आणि डॉक्टर बसलेत की पहिल्या रांगेत. मीच आणलेत."

अख्खा गाव बघत होता. नाही म्हणायचं तर गोष्ट खोटी, हो म्हणायचं तर पाणी. बहिणीनं काखेखाली भोपळे बांधले, गाठ ओढून बघितली आणि म्हणाली, "घाबरू नका. मी हाय ना."

घोट्याएवढं पाणी आलं, बाई म्हणाल्या, "सुंदर!" गुडघ्याएवढं आलं, "बास, बास, थांबा तिथंच!" बहीण थांबली नाही. कॅमेरा चालू. मांडीएवढं. कमरेएवढं. ओढ लागली तसे गुरुजींचे पाय तळाहून सुटले आणि त्यांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. कर्ण्यातून आवाज आला, "आई गं! सोडू नको! सोडू नको गं मला!"

गाव उभा राहिला. खुर्च्यांवर उभा राहिला, माझ्या खुर्च्यांवर, आणि मी राहू दिला.

मधल्या धारेत बहीण थांबली. तिथं तिला पाय टेकत होते. आवाज चढवला नाही तिनं. "गुरुजी, तवा कोणी कोणाला पलीकडं नेलं?"

"चल, चल बाहेर..."

"मी उभी हाय. मला घाई नाय. कोणी कोणाला नेलं?"

कर्ण्यातून आलं, "तू. तू मला नेलंस."

"मग माझी शाळा का सोडवलीत?"

भोपळे पाण्यावर डुलत होते, त्यांच्यामध्ये गुरुजी. बोलले तो आवाज भाषणातला नव्हता. "तू मला रडताना पाहिलं होतंस. रोज समोर बसायचीस. मला... मला वर्गाकडं तोंड करता येईना."

मला वाटलं होतं मी त्या वेळी नाचेन, फटाके लावेन. फटाके टेम्पोत होतेही. पण माझ्या शेजारी गावातला एक म्हातारा, ज्यानं गिरणीत मला सगळ्यात जास्त हसून घेतलं होतं, तो खाली बसला आणि टोपी काढून म्हणाला, "पट्टे निळे म्हनला हुतास का रं?"

"निळे," मी म्हटलं.

बहिणीनं गुरुजींना पलीकडच्या काठावर नेलं. एका धोंड्यावर बसवलं. भोपळे सोडून घेतले. "इथंच सोडलं हुतं तुमाला. बसा." आणि दोन्ही भोपळे काखेत मारून, वळून न बघता, पोहत परत आली. साडीचा घोळ पिळला आणि माझ्या खुर्चीत बसली.

गुरुजी पलीकडं एकटे. कॉलरवरचा माईक चालूच. ते हुंदके देत होते आणि सगळा गाव ऐकत होता. शेवटी बाईंनीच कर्णा बंद करायला सांगितला. मी करता करता बटण जरा शोधलं. चटकन सापडेना.

"काका, तुमचा टेम्पो घेऊन जा ना," बाई म्हणाल्या. "सरांना आणा."

पुलावरून वळसा घालून जावं लागतं. टेम्पोला नेमका तेव्हाच ताप भरला. मग बहीण म्हणाली, "जा रं, आण त्याला. आपल्या नदीला नको तो," तेव्हा उतरला.

त्यांचा बंगला कर्जतला, पुलापासून हाकेच्या अंतरावर. मी त्यांना चौक गावामार्गे नेलं. चौकहून लोधिवलीवरून रसायनीला नेलं, कारखान्यांचा वास भरपूर घेऊ दिला, आणि मग परत. गुरुजी ओल्या कपड्यांत माझ्या शेजारी बसलेले, पायापाशी फटाक्यांचं खोकं. मी बोलत होतो. सांगितलं की आमच्या गोठ्यात बिबट्या आला होता आणि दुधात तोंड बघून लाजला. गुरुजी म्हणाले, "हो." सांगितलं की माझ्या कर्ण्याचा आवाज एकदा पुण्यात ऐकू गेला आणि तिथली एक वरात वाट चुकून खोपोलीला आली. "असेल," ते म्हणाले. सांगितलं की पाताळगंगेतला एक मासा मला नावानं ओळखतो, बारशाच्या नावानं, तुम्ही दिलेल्या नव्हे.

गुरुजी समोर काचेकडं बघत राहिले. "ओळखत असेल."

सिनेमा आला तेव्हा त्यात मास्तरनं पोरीला खांद्यावरच घेतलं. बाई मला म्हणाल्या होत्या, "काका, खरं दाखवलं तर कोण विश्वास ठेवणार?" मी म्हटलं, मॅडम, मला सांगताय?